उपटलेली मेख

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही माझ्या बहिणीच्या उंबऱ्यावर उभं राहून, टोपी हातात धरून, आवाज मऊ करून. "तुझ्या भावाचा हात चुकला," म्हणालात. "मुद्दाम नाही केलं त्यानं. मन मोठं कर, माफ कर त्याला." त्यापेक्षा त्याला शिवी दिली असतीत तर परवडलं असतं. शिवी या कानानं येते, त्या कानानं जाते. तुमची माफी घरात शिरली, चुलीपाशी बसली आणि तिनं माझ्या थोरल्या भावाला दाराबाहेर काढलं.

आता माझं ऐका. मधे बोलायचं नाही. तुमचं बोलून झालेलं आहे.

आम्ही लाकूडतोडे. दादा आणि मी एका करवतीचे दोन हात. एका मुठीला तो, दुसऱ्या मुठीला मी. ही लांब करवत ढकलायची नसते, फक्त ओढायची असते. त्यानं ओढली की मी हात सैल सोडायचा, मी ओढली की त्यानं. ढकलली तर पातं वाकतं आणि समोरचा शिव्या देत आईबापांपर्यंत पोचतो. आमच्या बहिणीचा नवरा, आमचे भावोजी, बैल हाकायचे. आम्ही पाडलेलं झाड ओढून नदीपर्यंत नेणं त्यांचं काम. ते बैलाच्या मानेवर हात टाकून आमच्याकडे बघत म्हणायचे, "मेहुणे, माझे बैल बरे हो तुमच्यापेक्षा. ते निदान एकाच बाजूला ओढतात. तुम्ही सख्खे भाऊ, एक इकडे ओढतो, एक तिकडे, आणि त्याला म्हणे काम!"

"म्हणूनच तर तुम्हाला बहीण दिली," दादा म्हणायचा. "म्हटलं, या माणसाचं बैलांशी पटतंय, आमच्या ताईशीही पटेल."

हे ताईच्या कानावर गेलं त्या दिवशी तिघांच्याही जेवणात मीठ नव्हतं. आम्ही मुकाट्यानं जेवलो. मागायची कुणाची छाती झाली नाही.

असे होतो आम्ही. हे आधी सांगतो, कारण तुम्ही काय मोडलंत ते कळायला पाहिजे.

मोठं झाड कुणीही कापेल, वेळ लागेल इतकंच. ते निजवायचं कुठं, यात सगळा जीव असतो. खडकावर पडलं तर त्याची पाठ मोडते, आतून फाटतं, सरपणाच्या लायकीचं उरतं. म्हणून तोडणारा आधी झाडाभोवती फिरतो. कल बघतो, फांद्यांचं ओझं कुठल्या अंगाला आहे ते बघतो, खोडाला पाठ टेकून उभा राहतो आणि मग चालत जातो. जिथं झाड पडायला हवं, नेमकं तिथं तो मेख ठोकतो. कमरेएवढी, टोकाची साल सोललेली, लांबून पांढरी दिसावी म्हणून.

मग झाडाचं तोंड करायचं. पडायच्या बाजूला कुऱ्हाडीनं खोल खाच पाडायची, तिला आम्ही तोंड म्हणतो. ते कोरून झालं की दादा कुऱ्हाडीचं पातं त्या खाचेत बसवायचा. दांडा पुढं बोट दाखवल्यासारखा राहतो. ज्या दिशेला दांडा, त्या दिशेला झाड. दांडा मेखेवर आला की बोलणं संपलं. उरलेली कापणी पाठीमागून, करवतीनं, पाचरी मारत मारत. मधे चार बोटं लाकूड न कापता ठेवायचं. दाराला बिजागरी असते तसं ते लाकूड झाडाला धरून ठेवतं आणि सरळ तोंडाच्या दिशेनं वाकवतं.

आता खरी गोष्ट ऐका. एकदा दांडा मेखेवर आला की तोडणारा पुन्हा मेखेकडे बघत नाही. फुगीर बुंध्याच्या वर करवत लावायची म्हणून आम्ही खोडात खोचलेल्या फळ्यांवर उभे असतो, मागच्या अंगाला. पुढं खोलीएवढं खोड, त्याच्यापुढं झुडपं. डोळे फक्त दोन ठिकाणी, करवतीवर आणि शेंड्यावर. तिथून पुढं मेख बाकीच्यांची. बैलवाला, साल सोलणारे, पाणी आणणारी, जो कोणी त्या उतारावर येईल तो आधी पांढरं टोक शोधतो आणि त्याच्यापासून लांब जातो. कुणाला विचारत नाही. विचारायला लागू नये म्हणूनच ती असते. आणि ज्यानं ठोकली त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. कधीच नाही.

हे आम्हाला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमचे मुकादम. नात्यानं कुणाचेच नाहीत, पण अख्खी टोळी त्यांना मामा म्हणते. आधी तेही तोडे होते, पाठ गेली तेव्हा तुम्ही त्यांना मुकादम केलंत. दादाच्या हातात पहिली करवत त्यांनी दिली. एकदा एका शहाण्यानं मेखेवर पाण्याची किटली टांगली, तर मामांनी ती किटली दरीत भिरकावली आणि त्याला म्हणाले, "जा, घेऊन ये. वाटेत अक्कल सापडली तर तीही उचल."

त्या दिवशीचं झाड त्या उतारावरचं शेवटचं मोठं झाड होतं. आजूबाजूला नुसते बुडखे. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला ओंडके ओढायची वाट. दादानं ओढ्याचं अंग निवडलं. तिथं माती मऊ, झुडपं दाट; झाड गादीवर निजल्यासारखं निजेल म्हणाला. मेख ठोकली. मामा शेजारी उभे होते, मान डोलावत होते. भावोजी तेव्हा खाली नदीवर, बैलांजवळ. सकाळभर आम्ही तोंड कोरलं. दांडा मेखेवर आला तेव्हा दादा हसला. तो फार हसणारा माणूस नाही.

मग आम्ही वरच्या छपरात जेवायला गेलो. तिथं आमचा कानस बसतो. करवतींना धार लावतो म्हणून त्याचं नाव कानस, आणि बोलतोही तसाच, ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. तुम्ही आलात ते त्याच वेळी, दोन पाहुणे घेऊन. मोठं झाड कसं पडतं ते त्यांना बघायचं होतं. वाटेवरच्या सपाट जागी तुमची जेवणं मांडली गेली. आम्हाला छपरातून तुमचं हसणं ऐकू येत होतं.

"मोठ्या लोकांचं जेवण," कानस म्हणाला. "घासापेक्षा हसणं जास्त. पोट कशानं भरतं कोण जाणे."

जेवून आम्ही मागच्या पायवाटेनं उतरलो, फळ्यांवर चढलो आणि करवत लावली. तोवर तुम्ही पाहुण्यांना घेऊन वरच्या खडकावर जाऊन बसला होतात. मामा तुमच्या मागं उभे होते. सगळं जिथल्या तिथं वाटत होतं. करवत छान चालली होती, भुसा ओला, लांब, शेवयांसारखा पडत होता. पाचरी बसल्या. मग आतून तो आवाज आला, जुनं दार उघडताना येतो तसा. दादानं मूठ सोडली आणि हाक दिली. लांब, दोनदा. सगळा उतार गप्प झाला.

झाड सुंदर पडलं. हे म्हणताना माझी जीभ अडखळते, पण पडलं सुंदर. जरासुद्धा वळलं नाही. धूळ उडाली, पानं खाली येत राहिली, तुमच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग ओढ्याकडून बैलाचा आवाज आला. तो आवाज थांबेना.

भावोजी नदीवरून बैलांना पाणी पाजून वर येत होते. त्यांनी काय केलं? जन्मभर जे केलं तेच केलं. पांढरं टोक शोधलं. ते त्यांना ओंडक्यांच्या वाटेवर दिसलं. म्हणून त्यांनी बैल वाटेवरून काढले, ओढ्याकडच्या दरडीखाली नेले आणि बिनघोर उभे राहिले. दरडीखालून झाडाचं तोंड दिसत नाही, नुसता शेंडा दिसतो. दादाची हाक त्यांनी ऐकलीच असणार. ऐकून बैलांच्या मानेवर हात ठेवला असेल, बिचकू नका रे म्हणून. पळायचं कशाला? मेख पलीकडे होती.

भावोजी गेले. डावा बैल गेला. उजवा वाचला.

मग तुम्ही खाली आलात. आम्ही दोघं फांद्या तोडत होतो, त्यांना बाहेर काढायला, आणि तुम्ही वाटेवर जाऊन उभे राहिलात आणि सगळ्यांना तिकडे बोलावलंत. "मेख इथं," म्हणालात, "आणि झाड तिथं. हे कसं झालं?"

दादानं मान वर केली. मेख बघितली. त्याच्या हातातून कुऱ्हाड पडली.

"मी ती तिथं ठोकली नाही," तो म्हणाला.

"मग काय चालत आली?" तुम्ही म्हणालात. हे तुमचे शब्द आहेत. "मामा, सकाळी तुम्ही होतात ना इथं? तुम्ही सांगा."

मामा जमिनीकडे बघत होते. मी मनात म्हटलं, आता मामा बोलतील आणि सगळं सरळ होईल. मामा म्हणाले, "इथंच ठोकली होती. मी होतो."

साहेब, केसानं गळा कापणं काय असतं ते मी त्या दिवशी बघितलं. गळा कापणारा रडत होता आणि ज्याचा कापला तो गप्प होता. पण त्याहून वाईट पुढं आहे. त्या संध्याकाळी दादा मला म्हणाला, "मामा म्हणतात म्हणजे मीच विसरलो असेन." मी म्हटलं, "अरे, मी होतो ना! दांडा ओढ्याकडे होता!" तो म्हणाला, "तू माझा भाऊ आहेस. तू तसंच म्हणणार." शिकवणाऱ्यावर इतका विश्वास, की स्वतःच्या डोळ्यांवर उरला नाही. तुम्ही दोघांनी मिळून त्याच्याकडून त्याची आठवणसुद्धा काढून घेतलीत.

ताई धावत आली होती. तिलाही तुम्ही हात धरून मेखेपाशी नेलंत आणि दाखवलंत. दिवस-कार्य उरकायच्या आत तिच्या घरी जाऊन ती माफीची भाषा बोललात. आणि तिनं दार लावलं. मला येऊ देते. दादा गेला की कडी. दादा अंगणात उभा राहायचा, बराच वेळ, मग निघून यायचा. आतून ती म्हणायची, "साहेब परके असून माफ कर म्हणतात, मी कुणाला माफ करू? ज्यानं माझं कुंकू पुसलं त्याला?"

तोडीवरही तेच. बैलवाले म्हणाले, हा पाडणार असेल त्या उतारावर आम्ही जनावरं आणणार नाही. मी मूठ धरायला तयार, पण ज्याच्या झाडाखाली कुणी उभं राहत नाही तो तोडा कसला? दादा साल सोलायला बसला. म्हातारी माणसं बसतात तिथं, त्यांच्या रांगेत.

झाड मात्र पडून राहू देता येत नाही. त्याचे तुकडे केले. पुढचं टोक तासून गोल केलं, म्हणजे ओढताना मातीत रुतत नाही. वाटेपर्यंत शिडीच्या पायऱ्यांसारखी आडवे ओंडके टाकले, त्यांना चरबी फासली. बैलांच्या जोडीमागं जोडी, साखळ्या, आकडे. उतारावर ओंडका बैलांच्या पायात येऊ नये म्हणून मागं लांबलचक दोर बांधायचा, तो बुडख्याला वेढे देऊन थोडा थोडा सोडायचा. दोर धरायला मी होतो, पण त्याआधी बुंध्याकडचा मोठा तुकडा जागचा उचकटायचा होता. आम्ही लाकडी दांडे खाली सारले, मामांनी "हां, एकदम!" म्हटलं आणि तो लोळला.

खाली माती दाबून तव्यासारखी झाली होती. आणि त्या मातीत, ओंडक्याचा मध्य होता बरोबर तिथं, एक भोक होतं. मनगटाएवढं. कडेला सोललेल्या सालीचा पांढरा धागा अडकलेला.

मी बघितलं. मामांनी बघितलं. मामा दोन पावलं चालले आणि त्यावर पाय ठेवला.

"पाय काढा मामा."

"कशावरून?"

"तुम्हाला ठाऊक आहे कशावरून."

बैलवाले पुढं साखळ्या लावण्यात होते. मामांनी टाच फिरवली. माती आत गेली. मी त्यांची गचांडी धरली. ज्या माणसाला मी कधी अरे म्हटलं नाही त्याची गचांडी. ते जराही झटापट न करता म्हणाले, "सोड. सांगतो. खाली बस, लोक बघतायत."

आणि ओंडक्याआड बसून त्यांनी सांगितलं.

"साहेबांचा घोडा नवा होता रे. उभा राहीना. जेवायला बसायचं तर बांधायला काहीतरी पाहिजे. इथले बुडखे हे असे खोलीएवढे, दोर पुरतो कुठं? साहेब म्हणाले, ती मेख आणा. मी म्हटलं, साहेब, ती झाडाची आहे. तर म्हणाले, झाड काय पळून जातंय? जेवण होईस्तोवर."

"आणि तुम्ही उपटलीत."

"पाहुणे हसले." मामा थांबले. "मीही हसलो."

"परत का नाही ठोकली?"

"जेवण झालं तसा म्हणाले, घोडा वर न्या, झाड पडताना बुजेल. मग म्हणाले, पाहुण्यांना खडकावर न्या. एकाचा पाय मुरगळला वाटेत, त्याला धरलं. मला वाटलं खाली कोण आहे? बैल नदीवर आहेत. मग तुमची करवत सुरू झाली. म्हटलं, आता..."

"आता काय? ओरडायचं होतंत!"

"साहेबांसमोर?"

साहेब, हे ऐका. माणूस मरण्याहून तुमच्यासमोर ओरडणं त्याला अवघड वाटलं. इतकं भ्यायला तुम्ही त्याला शिकवलंत, की तो आधी स्वतः जे शिकवायचा ते विसरला.

"निदान नंतर तरी बोलायचंत," मी म्हटलं. "दादाला वाचवायचंत."

"तू साहेबांची नजर नाही बघितलीस. 'मामा, तुम्ही सांगा' म्हणाले तेव्हाची."

"तुमची नजर दादानं बघितली."

मामा म्हणाले, "तू म्हणशील तिथं तुझ्या भावाच्या पाया पडतो. पण चारचौघांत बोलायला लावू नकोस. माझं घर त्यांच्या जागेत आहे. ही पाठ घेऊन मी आता कुठली करवत धरू?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मी तो दांडा बघितला. कमरेत वाकलेला, बाहीनं नाक पुसणारा. त्याचा राग येतो, पण दांड्याला हात असतो साहेब. तो हात तुमचा.

मी घाईनं ताईला आणायला गेलो नाही, ही एक गोष्ट चुकली. वाटलं, उद्या सकाळी दादाला, ताईला दोघांनाही आणतो, उकरून दाखवतो. भोक नाही तर बुडखा आहेच. पुरुषभर उंच बुडखा, त्याचं तोंड ओढ्याकडे. तोडीतला कुणीही हात लावून सांगेल की या माणसानं झाड कुठं टाकायचं ठरवलं होतं. सकाळी गेलो तर ओंडके मुद्दाम त्याच जागेवरून ओढले जात होते, माती नांगरल्यासारखी. आणि बुडखा धुमसत होता. भोवती फांद्या रचून पेटवून दिलेला.

कानस तिथं हात शेकत उभा होता. म्हणाला, "या डोंगरावर आजवर इतके बुडखे सोडले, एकालाही कधी थंडी वाजली नाही. यालाच बरी शेकोटी लागली!" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "हुकूम वरून आला म्हणे. माझं नाव घेऊ नको."

घेतलं बघा नाव. मला आता कुणाची भीती उरलेली नाही, आणि त्याचीही जाऊ दे.

मी दादाकडे गेलो. तो साल सोलत होता. त्याला सगळं सांगितलं. भोक, घोडा, मामा, बुडखा. मला वाटलं तो उठेल, कोयता फेकेल, मामांच्या घरावर जाईल. त्यानं एवढंच विचारलं, "मधोमध होतं?"

"मधोमध."

त्यानं परत साल सोलायला घेतली. थोड्या वेळानं बघितलं तर हात चालत होता आणि सालीऐवजी लाकूड सोललं जात होतं.

मग ताईकडे. ती अंगणात उरलेल्या बैलाला खरारा करत होती. त्याच्या जोडीला आता कुणी नाही, त्यामुळे तो नुसता उभा असतो, तीही त्याला नुसतीच खरारा करत असते. मी सांगत गेलो, ती हात चालवत राहिली.

"मामा म्हणाले हे?"

"हो."

"माझ्यासमोर म्हणतील?"

"नाही म्हणणार."

"ते भोक दाखव."

"बुजवलं."

"बुडखा?"

"जाळला."

"मग तू घेऊन काय आलास? वारा?" ती म्हणाली. "उद्या येऊन म्हणशील, भावोजी स्वतःच्या पायानं झाडाखाली गेले. दादासाठी तू काहीही बोलशील. लहानपणी त्याचा मार तू खायचास, माहितेय मला."

"ताई, नुसत्या घोड्यासाठी झालं हे! तो साहेब जेवत होता, त्याचा घोडा..."

तिचा हात थांबला.

"घोडा मेखेला बांधला होता?"

"तेच तर सांगतोय."

तिनं खरारा खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी साहेबांनी मला हाताला धरून तिथं नेलं. हे बघ, इथं पडायला हवं होतं, म्हणाले. मी बघत काहीच नव्हते. पण माझा पाय लिदीत पडला. ताजी होती. सगळी माती खुरांनी उकरलेली, त्या मेखेभोवती, गोल. घरी येऊन मी पाय धुतला. धुताना मनात आलंसुद्धा, की हे शेण कुठंय, ही तर लीद. तोडीवर बैलांशिवाय जनावर येतं कुठून? तेवढ्यात ह्यांना दारात आणलं. ते तिथंच राहून गेलं."

मी म्हटलं, "दादाला घेऊन येऊ?"

"नको."

"अजूनही?"

"अजूनही." ती आता रडत होती, पण आवाज सरळ होता. "मी आज दार उघडलं तर लोक काय म्हणतील? बहीण ती, भावाच्या मायेनं विरघळली. बैलवाले त्याच्या उतारावर येतील का? नाही येणार. जन्मभर तो साल सोलेल आणि मी त्याला माफ केलं असं होईल. माफ कशाचं करायचं? त्यानं केलंय काय? माफ कर म्हणून सांगायला साहेब स्वतः या दारात आले होते ना? मग आता स्वतः येऊन सगळ्यांदेखत सांगू देत. जा, विचार त्यांना. ते बोलले की मी पहिली जाईन दादाला आणायला. अनवाणी जाईन."

तर मी विचारायला आलो होतो. तुमच्या कचेरीच्या पायरीवर. तुमचा कारकून दारात आडवा झाला, "साहेब नाहीत," म्हणाला, "बाहेरगावी गेलेत." त्याच्या मागं तुमच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्हाला बरं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यानं मला सांगितलं की झालेल्या गोष्टी उकरून काढण्यात कुणाचंच भलं नसतं. उकरायला आम्हाला ठेवलंयत काय तुम्ही?

म्हणून आता इथं, तुमच्या कचेरीसमोर भर रस्त्यात उभा राहून विचारतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला भरपाई नको, मामांची नोकरी घालवायची नाही, तुमच्या पाहुण्यांची नावं नकोत. माझा भाऊ माझ्या बहिणीच्या दारात ताठ मानेनं जायला हवा, आणि ती किल्ली तुमच्या तोंडात आहे. मी आज संध्याकाळी ताईच्या अंगणात बसणार आहे. बैलवाल्यांना बोलावलंय, साल सोलणाऱ्यांना बोलावलंय, मामांनाही निरोप धाडलाय. तुम्ही या. टोपी डोक्यावर असली तरी चालेल. आणि आमच्यासमोर एका प्रश्नाचं उत्तर द्या.

त्या दुपारी तुम्ही जेवत होतात तेव्हा तुमचा घोडा कशाला बांधला होता?